लांबलेले आजारपण आणि रोजचे दोन डाव : चार्ल्स डार्विनच्या दिनचर्येतून काय शिकाल?

पोटाचा जुना त्रास, अधूनमधून होणारी छातीतली धडधड, कायमचा थकवा, आणि इतके डॉक्टर करूनही हाती न लागणारे निदान. तुमच्या घरात असा रुग्ण असेल किंवा तो रुग्ण तुम्ही स्वतःच असाल, तर एक प्रश्न तुम्हाला पुन्हा पुन्हा पडत असेल. पूर्ण बरे वाटेपर्यंत बाकीचे सगळे थांबवून ठेवायचे का?

हा प्रश्न चार्ल्स डार्विनलाही पडला होता. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा शास्त्रज्ञ म्हणून तुम्ही त्याला शाळेच्या पुस्तकापासून ओळखता. पांढरी दाढी आणि गंभीर चेहरा असलेला त्याचा फोटोही तुम्ही पाहिला असेल. पण हा माणूस तिशीच्या आत आजारी पडला आणि पुढची ४० हून अधिक वर्षे पूर्ण बरा असा झालाच नाही, हे फार थोड्यांना माहीत असते. त्याने आपली सगळी मोठी पुस्तके या आजारपणातच लिहिली. त्याच काळात तो मुलांशी खेळला, बायकोबरोबर रोज रात्री फाशांचे डाव टाकले आणि गांडुळांना संगीत ऐकवून पाहिले.

त्याच्याजवळ कोणतेही जादूचे औषध नव्हते. त्याच्याजवळ होती एक साधी दिनचर्या. त्यातले काय घेण्यासारखे आहे आणि काय अजिबात घेऊ नये, ते आपण या लेखात पाहू.

धडधाकट तरुण

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधल्या श्रूझबरी गावात झाला. वडील नावाजलेले डॉक्टर होते. चार्ल्स आठ वर्षांचा असताना त्याची आई गेली. मुलाने आपल्यासारखेच डॉक्टर व्हावे म्हणून वडिलांनी त्याला एडिंबरोला वैद्यकीय शिक्षणासाठी पाठवले. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. शुद्धीवर असलेल्या रुग्णांवरच्या शस्त्रक्रिया त्याला पाहवल्या नाहीत आणि त्याने ते शिक्षण सोडले. पुढे केंब्रिजला तो अभ्यासापेक्षा भुंगेरे गोळा करण्यात जास्त रमला. एकदा दोन्ही हातांत एकेक भुंगेरा असताना तिसरा दिसला, तेव्हा हात मोकळा करायला त्याने एक चक्क तोंडात धरला. त्या किड्याने तोंडात जळजळीत द्रव सोडला आणि डार्विनला तो थुंकून टाकावा लागला.

२७ डिसेंबर १८३१ रोजी वयाच्या २२ व्या वर्षी तो ‘बीगल’ जहाजावरून जगाच्या सफरीला निघाला. ही सफर जवळजवळ पाच वर्षे चालली. समुद्रात बोट लागण्याचा त्याला शेवटपर्यंत त्रास झाला, पण जमिनीवर उतरला की तो मैलोन् मैल चाले, डोंगर चढे आणि दिवसेंदिवस घोड्यावर असे. दक्षिण अमेरिकेतल्या गुराख्यांची दोरीला गोळे बांधून जनावर पकडण्याची कला शिकताना त्याने स्वतःच्याच घोड्याचे पाय त्या दोरीत अडकवले. गुराखी पोट धरून हसले आणि तोही हसला. गॅलापॅगोस बेटांवर तो महाकाय कासवांच्या पाठीवर बसून तोल सांभाळत स्वारी करायचा.

हे सांगण्याचे कारण आहे. दीर्घ आजार झालेल्या माणसाला आपण हळूहळू ‘पेशंट’ म्हणूनच ओळखू लागतो. त्या आधीचा माणूस कसा होता, त्याला कशाची मजा वाटायची, हे घरचेही विसरतात आणि तो स्वतःही विसरतो. डार्विनच्या घरात हे विसरले गेले नाही.

आजार कसा सुरू झाला

सफरीहून परतल्यावर वर्षभरातच, १८३७ च्या सुमारास, त्याला धडधड आणि पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या. सफरीला निघण्याआधी बंदरात वाट पाहतानाही त्याला धडधड झाली होती, पण डॉक्टर प्रवासाला नको म्हणतील या भीतीने त्याने ती कोणाला दाखवली नव्हती. पुढे मळमळ, जेवणानंतर काही तासांनी होणाऱ्या उलट्या, पोटात गॅस, डोकेदुखी, इसब, हातापायांना कंप आणि प्रचंड थकवा असे सगळे सुरू झाले. कधी काही आठवडे बरे जात, तर कधी महिनेच्या महिने काम बंद पडे. कोणाशी अर्ध्या तासापेक्षा जास्त रंगून बोलणे झाले, तरी त्या रात्री झोप येत नसे. नोव्हेंबर १८४८ मध्ये वडील वारले, तेव्हा आजारपणामुळे त्याला त्यांच्या अंत्यसंस्कारालाही उपस्थित राहता आले नाही.

हा नेमका कोणता आजार होता? यावर डॉक्टर आजही एकमत नाहीत. दक्षिण अमेरिकेत त्याला एका रक्तपिपासू ढेकणासारख्या किड्याने चावले होते. तो किडा चागास नावाचा आजार पसरवतो, म्हणून काहींनी त्या आजाराकडे बोट दाखवले. हा आजारच मुळी १९०९ मध्ये ओळखला गेला, म्हणजे डार्विनच्या मृत्यूनंतर २७ वर्षांनी. काहींना हा तीव्र चिंतेचा विकार वाटतो, काहींना दूध न पचण्याचा त्रास, तर काहींना ठरावीक काळाने येणाऱ्या उलट्यांचा विकार. एकाहून अधिक कारणे एकत्र असण्याचीही शक्यता आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. चिंता वाढली की पोट बिघडते, याचा अर्थ त्रास ‘मनाचा खेळ’ आहे असा नाही. मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतूंचे आणि संप्रेरकांचे सतत दळणवळण चालू असते. ताणामुळे आतड्यांची हालचाल बदलते, जठरातले स्राव बदलतात आणि एरवी न जाणवणाऱ्या संवेदनाही तीव्रतेने जाणवतात. उलटी खरी असते, कळ खरी असते. ‘काही झालेले नाही, उगाच विचार करतोस’ असे घरच्यांनी म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे. डार्विनलाही लोक फार निरोगी दिसतोस म्हणत. बरा दिसणारा माणूस बरा असेलच असे नसते.

उपचारांच्या मागे धावताना

डार्विनने त्या काळचे जवळजवळ सगळे उपाय करून पाहिले. १८४९ मध्ये तो सगळे कुटुंब घेऊन माल्व्हर्न गावी डॉक्टर जेम्स गली यांच्याकडे जलोपचारांसाठी काही महिने राहिला. थंड पाण्याचे मारे, ओल्या चादरीत गुंडाळणे, अंग घासणे, गोड आणि तेलकट खाणे बंद आणि भरपूर चालणे असा तो कार्यक्रम होता. त्याला सुरुवातीला बरे वाटले. घरी परतल्यावर त्याने अंगणात थंड पाण्याच्या धारेची सोय करून घेतली आणि हिवाळ्यातही ती चालू ठेवली. पुढे कमरेभोवती विजेच्या साखळ्या झाल्या, पाठीच्या कण्यावर बर्फाच्या पिशव्या झाल्या, वेगवेगळी पथ्ये झाली. प्रत्येक वेळी आशा वाटायची, थोडे दिवस बरे जायचे आणि त्रास परत यायचा.

तुम्हीही हा अनुभव घेतला असेल. नव्या उपायाने सुरुवातीला बरे वाटते, कारण आशेनेही बरे वाटते, कारण त्या काळात माणूस कामातून सुटका घेतो, आणि कारण चढउतार होणाऱ्या आजारात वाईट दिवसांनंतर चांगले दिवस येतातच. माल्व्हर्नला डार्विनला पाण्याने बरे वाटले की कामाचे तास कमी करून चालण्याने, हे सांगणे अवघड आहे.

या काळात त्याने एक चांगली गोष्ट केली. १८४९ पासून १८५५ च्या जानेवारीपर्यंत तो रोज तब्येतीची नोंद ठेवत होता. दिवस कसा गेला, रात्र कशी गेली हे तो थोडक्यात लिही आणि विशेष चांगल्या दिवसांना वेगळी खूण करी. मग एके दिवशी त्याने ती वही बंद केली. आजार संपला नव्हता, नोंद मात्र थांबली.

यातल्या दोन्ही गोष्टी उपयोगी आहेत. डॉक्टरांना दाखवायच्या आधी दोन ते चार आठवडे त्रासाची नोंद ठेवली, तर निदानाला मोठी मदत होते. काय खाल्ले, किती वेळाने त्रास झाला, झोप किती झाली, त्या दिवशी काय घडले, एवढे पुरे. पण वर्षानुवर्षे तासातासाला शरीराची पाहणी करत राहिलात, तर लक्ष आजारावरच खिळून राहते. रक्तातली साखर किंवा रक्तदाब यांची नोंद डॉक्टरांनी ठेवायला सांगितली असेल, तर ती अर्थातच चालू ठेवा.

डाउन हाउसमधला एक दिवस

१८३९ मध्ये डार्विनचे लग्न एमा वेजवूडशी झाले. १८४२ मध्ये ते दोघे लंडनची धावपळ सोडून सुमारे २५ किलोमीटरवरच्या एका खेडेगावात राहायला गेले. त्या घराचे नाव डाउन हाउस. डार्विन पुढची ४० वर्षे तिथेच राहिला. त्याची तिथली दिनचर्या त्याचा मुलगा फ्रान्सिस याने पुढे तपशीलवार लिहून ठेवली आहे.

तो पहाटे उठून थोडे फिरून येई. पावणेआठच्या सुमारास न्याहारी, आणि आठ ते साडेनऊ काम. हा त्याचा सर्वांत चांगला वेळ. मग तासभर बैठकीच्या खोलीत पत्रे आणि कादंबरीवाचन. साडेदहा ते बारा पुन्हा काम. बाराला तो दिवसाचे मुख्य काम संपल्याचे मानी. दुपारी पाऊस असो वा ऊन, फेरफटका. मग जेवण, वर्तमानपत्र, पत्रांना उत्तरे. तीनला आडवे पडून विश्रांती, त्या वेळी एमा त्याला कादंबरी वाचून दाखवी. चारला पुन्हा थोडे चालणे, साडेचार ते साडेपाच काम, मग पुन्हा विश्रांती. साडेसातला हलके जेवण, नंतर खेळ, वाचन, एमाचे पियानोवादन आणि साडेदहाला झोप.

मोजून पाहा. कामाचे तास भरतात जेमतेम चार. तेही दीडदीड तासांच्या तुकड्यांत, मध्ये विश्रांती ठेवून. एवढ्यावर त्याने समुद्रातल्या खडकांना चिकटणाऱ्या बार्नॅकल जीवांवर आठ वर्षे अभ्यास केला आणि १८५९ मध्ये सजीवांच्या उगमावरचे त्याचे प्रसिद्ध पुस्तक पूर्ण केले. ते पुस्तक प्रकाशित झाले, तेव्हाही तो इल्कली गावी जलोपचार घेत होता.

दीर्घ आजारात शक्ती बेताने वापरण्याचे हे तंत्र आज आम्ही रुग्णांना मुद्दाम शिकवतो. बरे वाटेल त्या दिवशी सगळी राहिलेली कामे उरकायची आणि मग तीन दिवस अंथरुणात काढायचे, ही चूक बहुतेक रुग्ण करतात. डार्विन चांगल्या दिवशीही बाराला थांबत असे.

गारगोट्यांची फेरी

घराच्या मागच्या जमिनीच्या तुकड्यावर त्याने झाडे लावून घेतली आणि भोवती वाळूची पायवाट केली. तिला घरात ‘सँडवॉक’ म्हणत. किती फेऱ्या झाल्या हे मोजायला तो वाटेच्या कडेला गारगोट्यांचा ढीग ठेवी आणि प्रत्येक फेरीला एक गारगोटी पायाने उडवी. पुढे वय झाल्यावर त्याने मोजणे सोडून दिले आणि झेपेल तेवढ्याच फेऱ्या मारू लागला.

बरोबर पॉली नावाची पांढरी कुत्री असे. वाटेत तो थांबून पक्ष्यांची घरटी आणि फुले पाही. एकदा तो इतका स्तब्ध उभा राहिला की खारीची पिल्ले त्याला झाड समजून पाठीवर चढली आणि त्यांची आई वरून घाबरून ओरडत राहिली.

तुमच्या मनगटावर पावले मोजणारे घड्याळ असेल, तर तेही चांगलेच आहे. पण चालण्याला थोडी मजा जोडली, तर ते टिकते. प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम गतीने चालावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आजारी माणसाने एकदम तिथे पोचायची गरज नाही. सोसायटीच्या आवारात किंवा गच्चीवर दहा मिनिटांपासून सुरुवात करा. खिशात पाच बिया किंवा खडे ठेवा आणि प्रत्येक फेरीला एक कुंडीत टाका. हृदयाचा आजार असेल किंवा श्रमानंतर दुसऱ्या दिवशी थकवा फार वाढत असेल, तर किती चालायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

रोजचे दोन डाव

रात्री जेवण झाल्यावर डार्विन आणि एमा बॅकगॅमनचे दोन डाव खेळत. आपल्या सारीपाटासारखा हा फाशांचा आणि सोंगट्यांचा खेळ. दोनच डाव, पण रोज. आणि सगळ्या डावांचा हिशेब ठेवलेला. १८७६ च्या सुरुवातीला त्याने अमेरिकेतल्या एका शास्त्रज्ञ मित्राला मोठ्या दिमाखात कळवले की एमाने २,४९० डाव जिंकले आहेत आणि आपण २,७९५. फासे उलटे पडले की तो रागावल्याचे नाटक करी आणि एमाच्या नशिबावर खोटा खोटा चिडे.

१८५९ मध्ये, मोठे पुस्तक लिहिताना डोक्यात विषय घोळून घोळून तो थकला, तेव्हा त्याने घरात बिलियर्डचे टेबल आणले. खेळताना डोके रिकामे होते, हा त्याचा अनुभव होता. कादंबऱ्या मात्र त्याला गोड शेवटाच्याच लागत. दुःखी शेवट करणाऱ्या कादंबऱ्यांवर कायद्याने बंदी घालावी, असे तो गमतीने म्हणत असे.

खेळामुळे आजार बरा होतो, असे आम्ही म्हणणार नाही. पण खेळात हात, डोळे आणि लक्ष गुंतले की शरीराच्या तक्रारी काही वेळ मागे पडतात. आणखी एक फायदा घरातल्यांना होतो. एरवी रुग्ण आणि त्याची काळजी घेणारी व्यक्ती यांच्यात दिवसभर बोलणे कशाचे असते? गोळी घेतली का, पोट साफ झाले का, ताप आहे का. कॅरमच्या बोर्डावर किंवा पत्त्यांच्या डावात ही दोन माणसे पुन्हा बरोबरीने समोरासमोर बसतात.

मुलांचे घर

डार्विन दांपत्याला १० मुले झाली, त्यातली ७ मोठी झाली. घरात जिन्यावर टेकवायला एक लाकडी फळी होती, तिच्यावरून मुले घसरगुंडी करत. बापाच्या अभ्यासिकेतले चाकांचे स्टूल ढकलत ती बैठकीच्या खोलीभर होडी होडी खेळत. कात्री, डिंक, दोरी अशी कसलीही गरज पडली की ती थेट अभ्यासिकेत शिरत. चार वर्षांच्या एका मुलाने तर कामाच्या वेळात बाहेर खेळायला ये म्हणून बापाला सहा पेन्स देऊ केले होते. पुस्तकाच्या हस्तलिखिताच्या कागदांच्या पाठीवर मुलांनी काढलेली चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत.

मुलांना त्याने कामातही सामील करून घेतले. बंबलबी जातीच्या केसाळ माशांचे नर ठरावीक वाटेने उडतात आणि ठरावीक जागी थांबून गुणगुणतात, हे त्याच्या लक्षात आले. मग त्याने प्रत्येक जागी एकेक मूल उभे केले. माशी आली की त्या मुलाने ओरडायचे आणि पुढच्याने तयार राहायचे. बाप वर्षानुवर्षे बार्नॅकलवर काम करताना पाहून एका मुलाला वाटले की सगळे बाप हेच करतात. त्याने एका शेजाऱ्याबद्दल विचारले की ते त्यांची बार्नॅकल कुठे बसून करतात.

आजारी आईवडिलांपासून मुलांना लांब ठेवण्याकडे आपला कल असतो. ‘बाबांना त्रास देऊ नकोस’ हे वाक्य घरात दिवसातून दहा वेळा ऐकू येते. संसर्गाची भीती नसेल, तर मुलांना थोडा वेळ जवळ येऊ द्या. पळापळ झेपत नसेल, तर बसून करायचे खेळ खूप आहेत.

गांडुळांसाठी बसून वाद्य

काही प्रयोग डार्विन निव्वळ गंमत म्हणून करी आणि स्वतःच त्यांना मूर्खपणाचे प्रयोग म्हणे. वयाच्या सत्तरीत तो गांडुळांचा अभ्यास करत होता. गांडुळांना ऐकू येते का, हे पाहायला त्यांच्यापुढे शिट्टी वाजवली गेली, बसून नावाचे जाड आवाजाचे फुंकवाद्य वाजवले गेले, पियानो जोरात वाजवला गेला. गांडुळे ढिम्म हलली नाहीत. मग गांडुळांच्या कुंड्या पियानोवरच ठेवून सूर वाजवला, तेव्हा ती झटकन बिळात गेली. त्यांना आवाज ऐकू येत नव्हता, कंप मात्र जाणवत होता. १८८१ मध्ये आलेले गांडुळांवरचे हे पुस्तक लोकांनी भराभर विकत घेतले.

कुतूहलाला वयाची किंवा तब्येतीची अट नसते. खिडकीत येणारे पक्षी, कुंडीतली मिरची, जिन्यातल्या मुंग्या यांकडे रोज पाच मिनिटे पाहिलेत, तर उद्या सकाळी काहीतरी पाहायचे आहे ही ओढ राहते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला या ओढीची फार गरज असते.

खेळ थांबतो तेव्हा

या घरावर मोठे आघातही झाले. दहा वर्षांची ॲनी ही डार्विनची अत्यंत लाडकी मुलगी. सँडवॉकवर ती बापापुढे गिरक्या घेत पळे. १८५१ मध्ये ती आजारी पडली, तेव्हा त्याने तिला ज्या माल्व्हर्नमध्ये आपल्याला बरे वाटले होते, तिथेच नेले. एमाला दिवस भरत आले होते, त्यामुळे ती घरीच राहिली. डार्विन मुलीच्या उशाशी बसून रोज एमाला पत्र लिहीत असे. २३ एप्रिलला ॲनी गेली. आठवड्याभराने त्याने तिच्या आठवणींची काही पाने फक्त घरासाठी लिहून काढली. ती कशी हसे, कशी चाले, बापाचे केस कसे विंचरी, हे सगळे त्यात आहे. एमाने तिच्या बारीकसारीक वस्तू एका पेटीत ठेवल्या. १८५८ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा दीड वर्षाचा असताना तापाने गेला. त्यानंतर तीनच दिवसांनी, १ जुलैला, डार्विनचा सिद्धांत लंडनच्या सभेत वाचला गेला. तो स्वतः तिथे नव्हता.

खेळकर राहणे म्हणजे दुःख दडपणे नव्हे. डार्विन रडला, त्याने लिहिले, तो एमाजवळ बसला, आणि काही काळाने पुन्हा फेऱ्यांना जाऊ लागला. तुमच्या घरात कोणी गेले असेल, तर हसायला वेळ लागेल आणि तो लागू द्यावा.

एमाकडून घरच्यांनी काय घ्यावे

एमाने ४० हून अधिक वर्षे आजारी माणसाची काळजी घेतली. ती त्याला वाचून दाखवी, पाहुण्यांची वेळ सांभाळी, तो थकला की उठवून नेई. पण तिचे स्वतःचे पियानोवादन, वाचन, मुले आणि बाग हेही चालू होते. तिची देवावर श्रद्धा होती, त्याची हळूहळू उडाली. या मतभेदाचे तिला दुःख होते, तरी त्यांच्या माया-आपुलकीत अंतर पडले नाही. काळजी घेणारी व्यक्ती स्वतःचा एखादा आनंद पूर्ण सोडून देते, तेव्हा काही वर्षांनी तीही आजारी पडते. एमा ८८ वर्षे जगली.

डार्विनचे काय घेऊ नये

तपकिरीची सवय त्याला विद्यार्थीदशेत लागली, ती शेवटपर्यंत सुटली नाही. ती कमी व्हावी म्हणून तो डबी अभ्यासिकेत न ठेवता बाहेरच्या दिवाणखान्यात ठेवी, म्हणजे उठून जावे लागेल. युक्ती चांगली आहे, तुम्ही फरसाण आणि मोबाइलसाठी ती वापरू शकता. पण तंबाखूला ती पुरत नाही. तपकीर, मशेरी, गुटखा किंवा सिगारेट पूर्ण सोडण्यासाठी डॉक्टरांची मदत घ्या, औषधे आणि समुपदेशन दोन्ही उपलब्ध आहे. गोड खाणार नाही अशा शपथाही तो घेई आणि मोडी. मोठ्याने उच्चारलेली शपथच खरी, असा त्याचा सोयीचा नियम होता.

दुसरे म्हणजे एकामागून एक उपचार स्वतःच्या मनाने बदलत राहू नका. तिसरे, माणसे टाळण्याची सवय. पाहुण्यांचा त्रास होतो म्हणून त्याने भेटीगाठी फार कमी केल्या. त्याच्याकडे मोठे कुटुंब होते, नोकरचाकर होते, पैशाची चिंता नव्हती, आणि जगभरच्या लोकांशी पत्रव्यवहार होता. एकट्या राहणाऱ्या रुग्णाने असे केले, तर एकटेपणा वाढेल. भेट बंद करण्यापेक्षा ती २० मिनिटांची करा.

तुमच्या दिवसात हे कसे बसवाल

- ज्या वेळी तुम्हाला सर्वांत बरे वाटते, ती वेळ ओळखा आणि महत्त्वाचे एक काम तेव्हाच करा.
- चांगल्या दिवशीही ठरलेल्या वेळी थांबा.
- रोज थोडे चाला. मोजायचे असेल तर गमतीने मोजा.
- घरातल्या एका माणसाबरोबर रोज एक छोटा खेळ ठेवा. गुणांची वही ठेवा.
- वाचायला त्रास होत असेल, तर कोणाकडून तरी वाचून घ्या.
- दिवसातली पाच मिनिटे एखादी जिवंत गोष्ट पाहण्यात घालवा.

सगळे एकदम सुरू करू नका. या आठवड्यात एकच निवडा.

डॉक्टरांना लगेच कधी दाखवावे

डार्विनच्या काळी रक्ततपासणी, सोनोग्राफी, एंडोस्कोपी यांतले काहीच नव्हते. तुमच्याकडे ते आहे, त्याचा उपयोग करा. नकळत वजन कमी होणे, उलटीत किंवा शौचात रक्त, डांबरासारखी काळी शौच, गिळताना अडकणे, सतत उलट्या, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला पोटाचा त्रास, यांपैकी काही असेल तर थांबू नका. धडधडीबरोबर चक्कर किंवा बेशुद्धी आली, छातीत दुखले किंवा दम लागला, तर ताबडतोब रुग्णालयात जा. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच आनंद वाटत नसेल किंवा जगणे नको वाटत असेल, तर तेही तितक्याच तातडीने सांगा. त्यावर उपचार आहेत.

शेवटची वर्षे

आयुष्याच्या शेवटच्या दशकात डार्विनची तब्येत आधीपेक्षा थोडी बरी राहिली. मार्च १८८२ मध्ये सँडवॉकवर फिरताना त्याच्या छातीत दुखले. तेव्हा हृदयविकारावर आजच्यासारखे उपचार नव्हते. १९ एप्रिल १८८२ रोजी वयाच्या ७३ व्या वर्षी तो डाउन हाउसमध्येच वारला. एमा आणि मुले जवळ होती.

त्याच्या आजाराचे नाव त्याला शेवटपर्यंत कळले नाही. तुमच्या आजाराचे कदाचित कळेल, कदाचित वेळ लागेल. तोपर्यंत तपासण्या आणि औषधे चालू ठेवा, आणि आज रात्री जेवणानंतर घरातल्या कोणाला तरी विचारा, एक डाव टाकायचा का?